भाडेकरूने कूलर लावू नये

कृष्णकांत भुसारी यांच्या घरात राहायचं तर माणसाला वाचता आलं पाहिजे. फाटकापासून गच्चीपर्यंत नुसत्या पाट्या. जुनी लग्नपत्रिका उलटी करायची, कोऱ्या बाजूवर लाल स्केचपेनने लिहायचं आणि भिंतीला डकवायचं. ‘फाटक लावून घ्यावे.’ ‘नळ घट्ट बंद करावा.’ ‘जिन्यात मोबाईलवर बोलू नये.’ प्रत्येक पाटीच्या खाली एकच शब्द, ‘आदेशावरून’. आदेश कोणाचा, ते विचारायचं नाही. एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बत्तीस वर्षं बसलेला माणूस. तेव्हा दुसऱ्यांचे आदेश इकडून तिकडे पाठवले, आता घरबसल्या स्वतःचे काढतो. अशा माणसाला भाडेकरू मिळाला की पेन्शनपेक्षा जास्त सुख होतं.

जिन्याच्या शेवटच्या वळणावरची पाटी सगळ्यांत मोठी होती. ‘भाडेकरूने खोलीत कूलर लावू नये.’

ती वाचून वर गेलं की गच्ची, आणि गच्चीवर एकच खोली. त्या खोलीत रीना राहायची. नागपुरात लकडगंजच्या मागची गल्ली, वर सूर्य, खाली स्लॅब आणि मध्ये रीना. पोळी तव्यावर असते तशी. पण पोळीला निदान उलटवणारं कोणी असतं.

कूलरबंदीमागे इतिहास होता. तीन वर्षांपूर्वी एका भाडेकरूचा कूलर गळला आणि खाली कृष्णकांतांच्या हॉलच्या छताला ओल आली. त्या डागाचा आकार यमुताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अगदी श्रीलंकेसारखा वाटायचा. लंकेपायी कोणाचं तरी दहन व्हायलाच पाहिजे, म्हणून त्या दिवसापासून वरचे सगळे भाडेकरू भाजून निघत होते. खाली मात्र दोन कूलर. एक हॉलला, एक बेडरूमला. त्यांना कोणतीच पाटी नव्हती.

रीना पारशिवनीची. बाप बाबाराव तिथे बसस्टँडजवळ मोटारी रिवाइंड करायचा. शेतावरचा जळालेला पंप असो की कोणाच्या घरचा पंखा, त्याच्या टपरीत येऊन पडायचा. पोरगी पेचकस-पकड हातात धरूनच मोठी झाली. आता विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका गोदामात कामाला होती. ड्यूटी रात्री दहा ते सकाळी सहा, पट्ट्यावरून येणाऱ्या खोक्यांवर स्कॅनर फिरवायचा. सात वाजता कंपनीची गाडी चौकात सोडून द्यायची. म्हणजे सगळं जग झोपेतून उठायचं तेव्हा रीना झोपायला घरी यायची. हिवाळ्यात हे जमलं. मार्चमध्येही जमलं. मे लागला आणि खोलीनं तिला सांगितलं, बाई, तुझा हिशेब चुकला.

सकाळी दहानंतर पंखा गरम हवा नुसती ढवळायचा. ओली ओढणी अंगावर घेऊन पडावं, तर डोळा लागायच्या आत ओढणी पापडासारखी कडक. रीनानं फरशीवर पाणी ओतून पाहिलं, खाटेखाली झोपून पाहिलं, एकदा तर मोरीत उशी टाकून पाहिलं. दिवसाला दोन तास झोप व्हायची, तीही तुकड्या-तुकड्यांत.

मग एका पहाटे गोदामात ती उभ्या-उभ्या झोपली. खोकी पुढे गेली, स्कॅनर हातात तसाच. सुपरवायझरनं कागदावर सही घेतली. “हे पहिलं आणि शेवटचं. आता सापडलीस तर डायरेक्ट घरी.” वातानुकूलित केबिनमध्ये बसून माणूस हे फार शांतपणे बोलू शकतो.

घरी म्हणजे पारशिवनीला. तिथं मामानं एक स्थळ हाताशी धरूनच ठेवलं होतं. तेव्हा रीनाला त्या उन्हाळ्यात एकच गोष्ट पाहिजे होती. झोप. बाकी जग गेलं चुलीत, जिथं ती आधीच होती.

अशा या गच्चीवर एक सावलीची जागाही होती. रीनाच्या दाराच्या बाजूला चार बांबू रोवून कृष्णकांतांनी हिरवी जाळी ताणली होती, आणि जाळीखाली मातीची सहा भांडी. पक्ष्यांसाठी. कृष्णकांत ‘पूर्व नागपूर चिऊताई समिती’चे सक्रिय सदस्य होते. रोज दुपारी बरोबर बारा वाजता डोक्याला दुपट्टा बांधून, पितळी तांब्या घेऊन ते वर यायचे. पाणी माठातलं. वाळा घातलेलं. भांडी भरायची, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा. खाली ओळ, ‘तहानलेल्या जिवाला घोटभर माया.’ लोक हात जोडायचे, फुलं पाठवायचे. आणि फोटोत कडेला जे बंद दार दिसायचं, त्यामागे एक जीव ओल्या ओढणीत शिजत असायचा. पण त्याला चोच नव्हती.

रीनानं एकदा विचारलंही. “काका, जाळी अजून चार हात ओढता का? माझ्या दारावर सावली येईन.”

कृष्णकांतांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिनं देवाच्या नैवेद्याला हात लावला. “अगं, ती पक्ष्यांसाठी आहे!”

“मग मले कूलर लावू द्या.”

“पाटी वाचली नाहीस का?”

त्या दिवशी रीनानं बापाला फोन केला. “बाबा, तुमच्या टपरीत लहानसा पंप आहे का जी? चालू असलेला?”

“काहून वं?”

“कूलर बनवतो.”

बाबाराव हसला. चार दिवसांनी पारशिवनीच्या एसटीत कंडक्टरजवळ एक पिशवी आली. मुठीएवढा पंप, कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून निघालेला नऊ इंची एग्झॉस्ट पंखा आणि वायरचं भेंडोळं. पाठोपाठ फोन. “चालू असताना बादलीले हात लावू नको. पाणी टाकाचं असलं की पह्यले पिन काढजो. माहे सारे गिऱ्हाईक असेच शॉक खाऊन शहाणे झाले, तू आंधीच शहाणी हो.”

बादली गच्चीवरच मिळाली. घराला रंग दिला तेव्हाची, वीस लिटरची, डिस्टेंपरची, तळाशी पिस्ता रंग वाळलेला. म्हणजे बादलीही कृष्णकांतांचीच. रीनानं गॅसवर सुरी तापवून बादलीच्या अंगाला तीन चौकोनी खिडक्या पाडल्या. प्लास्टिकचा असा वास सुटला की यमुताईंनी खालून विचारलं, “काय जळून राहिलं वर?” रीना म्हणाली, “भाजी.” खिडक्यांना कोंबडीजाळी, जाळीत वुडवूल. चौकात कूलरच्या ताट्या भरणाऱ्या बाईनं लाकडाचा तो केसांसारखा भुसा मूठभर जास्तच दिला आणि वर तोंडही वाजवलं, “एवढ्याशा ताट्या? भातुकलीचा कूलर बनवते का वं?” पंपातून नळी वर आणून बादलीच्या गळ्याभोवती फिरवली, तिला तापल्या सुईनं भोकं पाडली. झाकणाला गोल कापून त्यात पंखा बसवला. बादलीतलं पाणी दीड तासात संपणार, म्हणून उंचावर पाण्याची कॅन ठेवली आणि तिच्यातून बादलीत सलाईनची नळी सोडली, थेंब-थेंब.

व्हिडिओ कॉलवर बाबारावनं ते पाहिलं. “कूलर आहे का आयसीयू?”

“पेशंट मीच आहो बाबा.”

पहिल्या दिवशी तिनं कूलर चालू केला आणि खिडकी, दार, दारावरचा झरोका, सगळं ठोकून बंद केलं. कारण उघड होतं. नव्या ताटीवर पाणी पडलं की जो वास सुटतो, तो नागपुरात आंधळ्यालाही कळतो. तो वास कृष्णकांतांच्या नाकात गेला की संपलं. पाऊण तास बरं वाटलं. मग खोली हमामखान्यासारखी झाली. भिंतींना घाम, उशीला घाम, आरशाला घाम. रीना उठून बसली तेव्हा तिचे केस कोणीतरी वरणात बुडवून काढल्यासारखे चिकटले होते.

“खिडकी?” बाबारावनं फोनवर विचारलं.

“बंद.”

“कोणाची पोरगी वं तू? एसी आहे का तो? अवो, बाहेरची सुकी हवा आत याले पाहिजे, आतली भाईर जाले पाहिजे. तवा कूलर चालते. कोंडून ठेवशीन तर वाफाच होईन.”

“खिडकी उघडली तर काकाले समजते.”

“मग आता तूच ठरव. झोपाचं हाये का घाबराचं?”

दुसऱ्या दिवशी रीनानं खिडकी उघडली. बादली स्टुलावर ठेवून गजांना चिकटवली, बाहेरून दिसू नये म्हणून गजांवर जुनं पातळ टाकलं आणि दारावरचा झरोका मोकळा केला. बाहेरची भट्टी ओल्या भुशातून आत आली ती गार होऊन. अंगावरून फिरली आणि झरोक्यातून निघून गेली. रीना सकाळी साडेआठला पडली ती दुपारी तीनला उठली. डोळे उघडले तेव्हा दोन मिनिटं तिला वार आठवेना. इतकी श्रीमंती तिनं आयुष्यात अनुभवली नव्हती.

पण गच्चीवर आणखी कोणाला तरी या श्रीमंतीचा पत्ता लागला. चिमण्यांना.

पक्षी मूर्ख नसतात, त्यांना समितीची गरज नसते. वाळ्याचं पाणी, हिरवी जाळी, मातीची भांडी, सगळं सोडून त्या रीनाच्या खिडकीवर येऊन बसल्या. ताटीतून झिरपणारं पाणी प्यायच्या, पंख फुगवून गारव्यात बसायच्या, आणि पातळाच्या भोकातून आत शिरून वुडवुलाच्या काड्या ओढून न्यायच्या, घरट्यासाठी. रीना रोज उठून ताटीला ठिगळ लावायची आणि त्यांना शिव्या द्यायची. “चोट्ट्या! तुमच्या बापाची ताटी आहे का?”

कृष्णकांत बाराला वर आले आणि पाहतात तर काय, खिडकीत पंधरा-वीस चिमण्या, दोन बुलबुल, एक साळुंकी. त्यांचे डोळे भरून आले. खिडकीत काय आहे हे पाहायचं त्यांना सुचलं नाही. माणूस स्वतःच्या पुण्याकडे पाहत असला की त्याला दुसरं काही दिसत नाही. त्यांनी व्हिडिओ काढला. ‘जाळीची किमया! पक्षी आता माझ्या घराला आपलं समजतात.’ ग्रुपवर धमाल उडाली. समितीच्या सचिव मुग्धाताईंनी लगेच कळवलं, यंदाचा ‘आदर्श गच्ची’ पुरस्कार द्यायचा विचार आहे, समिती पाहणीला येते.

पाहणी ठेवली नवतपात, उन्हाळ्यातल्या सगळ्यांत कडक नऊ दिवसांत. दुपारी दीड वाजता. नागपूर शेहेचाळीसवर होतं, कुत्रीसुद्धा नालीत बसली होती. पण पक्षीप्रेमाला वेळकाळ नसतो, आणि फोटोग्राफरला तेवढाच वेळ होता.

सहा माणसं जिना चढून वर आली. मुग्धाताई, खजिनदार सुमंत, फोटोग्राफर आणि टाळ्या वाजवायला तिघं. कृष्णकांतांनी नवा कुडता घातला होता. मागून यमुताई पन्ह्याचा ट्रे घेऊन. उन्हाच्या पहिल्याच चटक्यानं समितीचं पक्षीप्रेम निम्मं वितळलं, आणि सगळे आपोआप सरकत-सरकत रीनाच्या दारासमोर येऊन उभे राहिले. झरोक्यातून गार झुळूक अंगावर आली.

“अय्या!” मुग्धाताई म्हणाल्या. “इथं किती गार वाटतं हो!”

“जाळी,” कृष्णकांत म्हणाले.

“पण जाळी तर तिकडे आहे.”

“परिणाम इथवर येतो,” कृष्णकांत म्हणाले. “शिवाय पाणी मी वाळ्याचं घालतो. शेवटी भाव महत्त्वाचा.”

सुमंतनं हात वर करून झुळूक तपासली. “मानलं बुवा. भावानं चार डिग्री तरी कमी झालंय.”

यमुताईंनी नाक वर केलं. “अहो, ताटीचा वास येऊन राहिला.”

“खालचा असेल. आपल्या कूलरचा.”

“आपल्या ताट्या तीन वर्षांत बदलल्या का तुम्ही? त्यांना डबक्याचा वास येतो. हा नवीन ताटीचा आहे.” आणि त्यांनी, नागपुरात अठ्ठेचाळीस उन्हाळे काढलेल्या बाईच्या खात्रीनं, रीनाच्या दाराकडे बोट केलं. “इथून.”

कृष्णकांतांनी दार बडवलं. आत रीना झोपेच्या तळाशी होती. दार उघडलं तेव्हा तिचे केस उभे होते आणि डोळ्यांत खून होता.

“काय आहे?”

तिच्या खांद्यावरून सगळ्यांना दिसलं. स्टुलावर पिस्ता रंगाची बादली, वर फिरणारा पंखा, सलाईनची नळी, आणि कॅनच्या टोपणावर बसलेल्या तीन चिमण्या. एक चोचीत भुशाची काडी धरून पाहुण्यांकडे पाहत होती.

“कूलर!” कृष्णकांतांचा आवाज चिरकला. “पाटी वाचता येत नाही तुला? आत्ताच्या आत्ता...”

“हो, कूलर!” रीना कडाडली. “मी बनवला. मी रातभर काम करतो, दिवसा झोपतो. झोपली नाही तर नोकरी जाते माझी. तुमच्या चिमण्याइले वाळ्याचं पाणी पाजता, अन् बाजूले माणूस मरून राहिलं ते दिसत नाही? काढा लागत असेल तर मलेच काढा!”

मग मुग्धाताईंनी छातीवर हात ठेवला. “पक्ष्यांसाठी कूलर!” त्या म्हणाल्या. “भुसारीकाका, तुम्ही पक्ष्यांसाठी कूलर बसवलात!”

“माझ्यासाठी आहे,” रीना म्हणाली.

“हो, हो. पण बघा ना, कशा बसल्यात! पुष्कर, तो क्लोजअप घे.” पुष्कर म्हणजे फोटोग्राफर. तो रीनाला हलकेच बाजूला सारून आत शिरला. “ताई, तुम्ही जरा फ्रेममध्ये येऊन राहिल्या.”

रीनानं स्वच्छ मराठीत सांगितलं होतं. सहा माणसांच्या बारा कानांत ते शिरलं नाही. माणसाचं दुःख ऐकायला कोणी जिना चढून आलं नव्हतं.

आता सगळे कृष्णकांतांकडे पाहत होते. त्यांच्या एका बाजूला पाटी होती, दुसऱ्या बाजूला पुरस्कार. बत्तीस वर्षांच्या नोकरीत इतका अवघड कागद त्यांच्या टेबलावर आला नसेल. त्यांनी घसा साफ केला.

“प्रायोगिक तत्त्वावर,” ते म्हणाले. “बादली आपलीच आहे.”

यमुताईंनी पन्ह्याचा पहिला पेला रीनाच्या हातात दिला आणि नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या, “लंका बुडाली.”

संध्याकाळी जिन्यातल्या पाटीवर नवी ओळ आली. ‘भाडेकरूने खोलीत कूलर लावू नये. (पक्ष्यांसाठी असल्यास हरकत नाही.) आदेशावरून.’

रीना जिंकली असं वाटलं. एक दिवस. मग पुरस्काराची बातमी ग्रुपमधून ग्रुपमध्ये गेली आणि गच्चीवर जत्रा सुरू झाली. सकाळी पक्षीमित्र, दुपारी शेजारी, मध्येच कोणाचा तरी जावई. कृष्णकांत दार वाजवायचे, “रीना, दोनच मिनिटं, हे लांबून आलेत.” लोक आत येऊन बादलीसोबत सेल्फी काढायचे. खाटेवर बसून गार वारा खायचे आणि चिमण्या किती कमी झाल्या यावर हळहळायचे. एक बाई तर चक्क लवंडली. कूलर रीनाचा, गारवा रीनाचा, झोप गावाची.

चौथ्या रात्री गोदामात तिनं खोक्याऐवजी स्वतःच्या तळहातावर स्कॅनर फिरवला. सुपरवायझर लांबून पाहत होता. त्यानं खिशातून पेन तेवढं काढलं आणि परत ठेवलं.

“बाबा, कूलर चालते, झोप नाही चालत,” तिनं सकाळी चौकातूनच फोन केला. “मले आता रडाले येऊन राहिलं.”

“दार लावून घे ना आतून.”

“वाजवते. उघडेपर्यंत वाजवते लोक. भांडली, शिव्या दिल्या, हात जोडले. कोणी ऐकत नाही जी. या घरात माणसाचं नाही ऐकत, फक्त...”

“फक्त काय वं? हॅलो?”

“ठेवतो बाबा. मग करतो.”

फाटकाच्या पाटीपासून गच्चीच्या पाटीपर्यंत ती त्या दिवशी सावकाश वाचत वर गेली. भाषा शिकायची होती. मग तिनं मैत्रिणीची लग्नपत्रिका उलटी केली. लाल स्केचपेन यमुताईंकडून मागून आणला. यमुताईंनी कशाला पाहिजे ते विचारलं नाही, उलट म्हणाल्या, “जाड टोकाचा ने. तो लवकर पटतो त्यांना.”

बाराला कृष्णकांत तांब्या आणि दोन पाहुणे घेऊन आले. दारावर पाटी होती.

‘पक्ष्यांची वीण सुरू आहे. सकाळी आठ ते सायंकाळी पाच गच्चीवर प्रवेश बंद. दार वाजवू नये. बोलू नये. आदेशावरून.’

कृष्णकांतांनी ती दोनदा वाचली. ही आपण लिहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पण लाल शाई होती, ‘नये’ दोनदा होतं आणि खाली ‘आदेशावरून’ होतं. इतका नीट कागद चुकीचा असूच शकत नाही. समितीनं पाठवला असणार. त्यांनी खिशातून पेन काढून कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख टाकली, सही केली आणि वर जावक क्रमांकही घातला. मग चपला काढून हातात घेतल्या.

“खाली चला,” ते पाहुण्यांना कुजबुजले. “आवाज करू नका.”

“फक्त एक फोटो...”

“श्श! जिवाची काही दयामाया?”

जिन्याच्या वळणावर यमुताई उभ्या होत्या. “काय झालं?”

“झोपलेत.”

“कोण?”

“पक्षी.”

“दुपारी बाराला?”

“नवतपा आहे,” कृष्णकांत म्हणाले. “रात्री झोप होत नसेल त्यांची.”

यमुताईंनी तोंडाला पदर लावला आणि खाली जाऊन जिन्याचं दार ओढून घेतलं.

वर ताटीवरून पाणी ठिबकत होतं. पाच वाजता रीनाच्या मोबाईलचा गजर वाजला. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच त्याला कोणाला तरी उठवावं लागलं.